ढोल कोरडे आहेत का, तेही बघा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात पुराच्या तयारीची बातमी होती आणि तिच्यासोबत एक फोटो. नदीच्या पात्रात ॲल्युमिनियमची बोट, तिच्यावर लाइफ जॅकेट घातलेली सहा पोरं, मागं इंजिन चालू. बघून बरं वाटलं. पण मी गेली ३१ वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आर्गन वेल्डिंग, म्हणजे आर्गन वायूच्या आडोशानं धातू जोडायचं काम, करतोय, त्यामुळं माझी नजर पोरांवरून खाली गेली, बोट ज्या दोन ढोलांवर तरंगते त्या ढोलांवर. डावा ढोल मागच्या अंगाला उजव्यापेक्षा चार बोटं जास्त बुडालेला दिसला. पोरं एका बाजूला उभी असतील, फोटो तिरका काढला असेल, म्हणून मी ठाम काही म्हणत नाही. पण इंजिन तपासलं, दोर तपासले, जॅकेटं मोजली, एवढं सगळं बातमीत होतं आणि ढोलांबद्दल एक शब्द नव्हता. त्यासाठी हे पत्र लिहितोय.

पूर आला की आंबेवाडी, चिखलीकडच्या लोकांना काय सोसावं लागतं ते कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतं. २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे बंद पडला, शहरात पेट्रोल मिळेना, आमच्या शेडमध्ये आर्गनची नळकांडी यायची थांबली. पूर्वी गुऱ्हाळात रस आटवायची मोठी कढई, काईल, पाण्यात सोडून लोक पलीकडं जायचे, माझ्या वडिलांनी तशी माणसं आणलेली आहेत. आता काही गावांनी स्वतःच्या बोटी घेतल्या. एनडीआरएफची रबरी बोट माणसं काढायला उत्तमच, पण आपल्या भागात माणूस एकटा निघत नाही. गोठ्यात म्हशी असतात. त्यांना वैरण पोचवायची असते, काढलेलं दूध बाहेर न्यायचं असतं. त्या कामाला दोन लांब ढोल आणि त्यावर सपाट फळी असलेली पोंटून बोट फार सोयीची पडते. पेंढ्या रचता येतात, दुधाचे कॅन उभे राहतात, आजारी माणूस खाटेसकट ठेवता येतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात नदीकाठच्या एका गावातली पोरं अशीच एक बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून माझ्या शेडवर घेऊन आली. मंडळानं वर्गणी काढून ती जुनी घेतली होती. प्रत्येक ढोल ६ मीटर लांब, ६० सेंटिमीटर व्यासाचा, २ मिलिमीटर पत्र्याचा. आत आडव्या भिंती घालून एकेका ढोलाचे तीन कप्पे केलेले, प्रत्येक कप्प्याला खाली पाणी सोडायचा बूच. त्याच्या आदल्या पावसाळ्यात, शेतावरून बोट नेताना, पाण्याखाली बुडालेल्या कुंपणाचा लोखंडी अँगल डाव्या ढोलाला लागला. मागच्या कप्प्याला तळहाताएवढा पोचा पडला आणि पोच्याच्या मधोमध पत्रा फाटला. पोरांनी ती एका वर्कशॉपमध्ये नेली. तिथं त्यांना सांगितलं की ॲल्युमिनियमला वेल्डिंग होत नाही, आणि लोखंडी पत्र्याचं ठिगळ पॉप रिव्हेटनं मारून कडेनं लांबी (पुट्टी) भरून दिली. पैसे चोख घेतले. वर काळा रंग मारला, म्हणजे काही दिसायचंच नाही.

मी आधी डाव्या ढोलाचे तिन्ही बूच काढायला सांगितले. पुढच्या दोन कप्प्यांतून काही आलं नाही. मागच्या कप्प्यातून पाणी सुरू झालं ते थांबेना. एक बादली, दुसरी बादली, शेवटी पोरांनी मोजायचं सोडलं. बोट सहा महिने कोरड्यावर, ताडपत्रीखाली होती. म्हणजे ते पाणी आदल्या पावसाळ्यातलं होतं आणि त्या पाण्यासकट त्यांनी शेवटच्या फेऱ्या मारल्या होत्या. मंडळाचा अध्यक्ष, वय असेल पंचविशीचं, माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा, भोक तर बुजवलंय की. मग पाणी आलं कुठनं?"

ठिगळ मी ड्रिलनं रिव्हेट उडवून काढलं. खाली चुन्यासारखी पांढरी भुकटी साठलेली. ॲल्युमिनियमला लोखंड चिकटून बसलं आणि मध्ये पाणी राहिलं की बॅटरीच्या सेलसारखा प्रकार होतो, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. २ मिलिमीटरचा पत्रा ठिगळाच्या कडेला नखानं दाबला तर वाकेल एवढा राहिला होता. साध्या पॉप रिव्हेटच्या मधोमध आरपार पोकळी असते, तिच्यातून पाणी झिरपतं. तळ बंद असलेले रिव्हेट वेगळे मिळतात, ते वापरलेले नव्हते. आणि लांबी तर पहिल्या दणक्यालाच सुटलेली.

पण एवढ्यानं कप्पा भरायला नको, हे माझ्या डोक्यातून जाईना. तेलाचा १५ किलोचा डबा आपण घरी फोडतो तेव्हा भोकं दोन पाडतो, तेल ओतायला एक आणि हवेला एक. एकच पाडलं तर तेल नीट येत नाही. ढोलाचंही तसंच. खाली भोक असलं तरी आतल्या हवेला जायला वाट नसेल तर पाणी थोडं आत येऊन थांबतं, आतली हवा त्याला दाबून धरते. कप्पा भरला याचा अर्थ हवेला वरून कुठून तरी वाट होती. म्हणून मी पोरांना म्हटलं, खालचं भोक राहू दे बाजूला, आधी वरचं शोधू.

त्यासाठी हवा भरून साबण लावायचा. हे मात्र नीट सांगतो, कारण इथं जीव जाऊ शकतो. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची नळी थेट ढोलाला लावायची नाही. ढोलाच्या टोकाला बसवलेल्या ६० सेंटिमीटरच्या झाकणाचं क्षेत्रफळ भरतं २,८२७ चौरस सेंटिमीटर. कॉम्प्रेसरमध्ये चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब असतो. तो ढोलात गेला तर त्या एका झाकणावर वीस टनांच्या जवळपास जोर येतो. झाकण उडतं, आणि समोर माणूस असला तर संपलं. मी गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी वापरतो. तिच्यात रंगीत पाणी भरायचं, इंग्रजी यू सारखी टांगायची, एक टोक ढोलाच्या बुचाला. हवा फुटबॉलच्या पंपानं हळूहळू भरायची आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यात १४० सेंटिमीटर फरक पडला की थांबायचं. तो दाब होतो चौरस सेंटिमीटरला ०.१४ किलो. तेवढ्यालासुद्धा झाकणावर चारशे किलोच्या आसपास जोर असतो, म्हणून झाकणासमोर कुणी उभं राहायचं नाही. आणि हे काम सकाळी, सावलीत करायचं. ऊन लागलं की आतली हवा फुगते, पाणी चढतं आणि गळती असून दिसत नाही.

खालचं फाटलेलं भोक मी रबर आणि लाकडी फळी दाबून तात्पुरतं बंद केलं. हवा भरली. नळीतलं पाणी उतरायला लागलं. भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशनं सगळ्या सांध्यांवरून फिरवलं. ढोलाचा लांबट सांधा ठीक, आडव्या भिंतीचा सांधा ठीक, झाकण ठीक. मग वरच्या अंगाला, जिथं फळीचा पाय ढोलाला जोडलेला असतो त्या ब्रॅकेटच्या कडेला, राईएवढे बुडबुडे रांगेनं उठले. त्यांची रेघ ५ सेंटिमीटरची होती. चीर केसाएवढी, नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. इंजिनाचं कंपन, माणसांची चढ-उतार, आणि बहुतेक त्या अँगलचा दणका, सगळ्यांनी मिळून वेल्डिंगच्या कडेला पत्रा थकवला होता. वेल्डच्या शेजारचा ॲल्युमिनियमचा पट्टा आचेनं मऊ पडलेला असतो, तुटतो तो तिथंच. खालून ठिगळातून पाणी आत, वरून ह्या चिरेतून हवा बाहेर. तेलाचा डबा.

अशी वरची वाट मोकळी असली तर पाण्याखाली ३० सेंटिमीटरवरचं फक्त ३ मिलिमीटरचं भोक तासाला ३५ लिटरच्या आसपास पाणी घेतं. त्या बोटीचा एक कप्पा ५६५ लिटरचा. संध्याकाळी बोट घाटाला बांधली तर सकाळी तो कप्पा निम्मा भरलेला असणार, आणि इंजिन मात्र पहिल्या दोरीला सुरू होणार.

आता दुरुस्तीबद्दल. "ॲल्युमिनियमला वेल्डिंग होत नाही" हे वाक्य उद्यमनगरच्या गावात कुणी म्हणावं याचं मला वाईट वाटतं. ज्या गावानं ऑईल इंजिनं बनवली, ओतकामात नाव काढलं, त्या गावात दुधाच्या कॅनचे कान कोण जोडतं? मी शिकलो तेच मुळी कॅनवर. ॲल्युमिनियम नाठाळ आहे, हे खरं. ते ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा जो पातळ पापुद्रा असतो तो वितळायला २,००० अंशांच्या वर लागतात. पापुद्रा तसाच ठेवून आच दिली तर आतला धातू पाणी होतो आणि वरची साल तशीच, मग एकदम डबरं पडतं. लोखंडासारखं ते लालही होत नाही, त्यामुळं नवख्याला अंदाजच येत नाही. म्हणून एसी करंटवर आर्गन लागतो. एसीचा अर्धा फेरा पापुद्रा फोडतो, अर्धा वितळवतो, आणि आर्गन हवेला जवळ येऊ देत नाही.

ह्या बोटीला मी काय केलं ते सांगतो, म्हणजे दुसरीकडं नेलीत तर बघून घेता येईल. सगळ्या कप्प्यांचे बूच उघडे ठेवले. बंद ढोलाला आच दिली तर आतली हवा फुगून वितळलेला धातू बाहेर फेकते. आत पेट्रोलचा वास नाही ना ते बघितलं, कारण बोटीवर कॅन सांडलेले असतात. आतून धुऊन दोन दिवस उन्हात वाळवली. झिजलेला पत्रा मागं चांगला धातू लागेपर्यंत कापून टाकला. लांबी आणि रंगाचा कणही ठेवला नाही, कारण जळलेली लांबी सांध्यात गेली की वेल्ड स्पंजासारखा होतो. पोचा लाकडी हातोडीनं उठवला. ठिगळ ५०५२ ग्रेडच्या ॲल्युमिनियमच्या २.५ मिलिमीटर पत्र्याचं, चारी कोपरे गोल केलेलं. टोकदार कोपऱ्यातून पुढची चीर जन्माला येते. वरच्या चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरची भोकं मारली म्हणजे ती पुढं पळत नाही, मग कार्बाइडच्या कटरनं खोबणी केली. ॲसिटोननं पुसलं, आणि स्टेनलेसचा ब्रश मारला, जो माझ्याकडं ॲल्युमिनियमशिवाय कशालाही लागत नाही. लोखंडावर फिरलेला ब्रश इथं मारला तर लोखंडाचे कण त्यात रुततात. फिलर, म्हणजे जोडात वितळवायची कांडी, ५३५६ ग्रेडची, करंट ८५ अँपिअरच्या आसपास. दोन इंच मारायचं, थांबायचं, समोरच्या बाजूला दोन इंच मारायचं. घाई केली की २ मिलिमीटरचा पत्रा पापडासारखा वळतो. ब्रॅकेटखाली एक रुंद पट्टी जोडली, म्हणजे पायाचा भार एका रेघेवर न येता पसरेल.

हे सगळं करायला मला तीन दिवस लागले, त्यातला अर्धा वेळ नुसता साफसफाईत गेला. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा लेव्हल नळी लावली. अर्धा तास त्या पोरांपैकी एकजण पाटावर बसून नळीतल्या पाण्याच्या खुणेकडं एकटक बघत होता. पाणी हललं नाही.

हे काम जुलैत होत नाही. हवेत आणि पत्र्यावर ओल असली की वेल्डमध्ये सुया टोचल्यासारखी बारीक भोकं राहतात, वरून चकाचक आणि आतून चाळण. राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की माझ्याकडं फोन यायला लागतात, तेव्हा मी नाही म्हणतो आणि समोरच्याला वाटतं मी टाळतोय. पाणी चढत असताना ढोल फुटलाच तर जागा पॉलिश पेपरनं घासून, पूर्ण कोरडी करून, इपॉक्सी लावून ॲल्युमिनियमचाच तुकडा खाली रबर घालून बसवावा, आणि त्या कप्प्यावर विश्वास न ठेवता कमी वजनानं बोट चालवावी. ते ठिगळ दिवाळीपर्यंतचं. दिवाळीनंतर ते काढून नीट वेल्डिंग करायचं. बाजारात गॅसबत्तीवर वितळणाऱ्या कांड्या मिळतात, त्या मी बोटीच्या पत्र्यावर वापरत नाही आणि कुणाला सांगतही नाही. आणि पावसाळा संपला की बोट धुऊन, बूच काढून, लाकडावर किंवा जुन्या टायरवर ठेवा. ओल्या सिमेंटच्या कोब्यावर किंवा लोखंडी अँगलवर ठेवलेला ढोल टेकलेल्या जागी बसल्या बसल्या कुजतो.

८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरात नाव उलटून माणसं गेली, तो दिवस आपल्या दोन्ही जिल्ह्यांतला कुणी विसरलेला नाही. तिथल्या कारणांबद्दल मी काही म्हणत नाही. तेव्हापासून नावेत माणसं किती घेतली, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो आणि विचारलाच पाहिजे. पण बोटीवर रंगानं लिहिलेला माणसांचा आकडा सगळे कप्पे कोरडे धरून काढलेला असतो. वर सांगितलेल्या बोटीचा एकच कप्पा भरला तर ५६५ किलोचा आधार गेला, म्हणजे आठ-नऊ माणसांचा, आणि तोही एकाच कोपऱ्यातला. आकड्याप्रमाणं मोजून माणसं बसवली तरी बोट त्या कोपऱ्याला कलणार. अंधारात, पावसात, बोट कलली की माणसं घाबरून हलतात. पुढचं लिहवत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. पूर-पूर्वतयारीच्या सरावात ज्या यादीवर इंजिन, दोर, जॅकेट लिहिलेलं असतं, त्या यादीत "प्रत्येक कप्प्याची हवा-चाचणी" एवढी एक ओळ घाला. ज्यांच्याकडं चाचणीची सोय नाही त्यांनी निदान बोट पाण्यातून काढल्यावर एकेक बूच उघडून बघावा आणि पाणी आलं तर कुठल्या कप्प्यातून आलं ते वहीत लिहून ठेवावं. त्याला खर्च काहीच नाही.

आणि ज्या गावांच्या, मंडळांच्या ॲल्युमिनियमच्या बोटी आहेत त्यांनी मे महिन्याच्या कुठल्याही रविवारी सकाळी आठच्या आत त्या उद्यमनगरात आणाव्यात. हवा-चाचणी मी फुकट करून देईन. वेल्डिंग लागलं तर गॅस आणि फिलरचेच पैसे घेईन, मजुरी घेणार नाही. माझा फोन नंबर आपल्या कार्यालयाकडं देऊन ठेवला आहे, विचारणाऱ्यांना द्यावा. येताना बोट रिकामी, धुतलेली आणि बूच काढलेली असावी, म्हणजे दुपारचं ऊन चढायच्या आत दोन बोटी तरी बघून होतील.

आपला,
एक आर्गन वेल्डर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर